कंदीलवाल्याचं पान

मित्रांनो, मी टॅरोचा एक जुना कॅट आहे. पत्त्यांचाच, पण मला घेऊन रमी खेळायला बसू नका. माझ्या प्रत्येक पानावर निराळं चित्र आहे. लोक त्यात भविष्य शोधतात. मी मात्र कधीच कोणाला भविष्य सांगितलेलं नाही, कारण मला ते येत नाही.

माझा जन्म कर्वेनगरात, पूर्वाच्या खोलीत झाला. ती चित्रकला शिकत होती. जाड कागद कापून तिने मला महिनोन्महिने जलरंगांनी रंगवलं. माझी सम्राज्ञी मंडईतल्या सरुबाई भाजीवालीसारखी दिसते. मांडीवर लाल भोपळा घेऊन ऐटीत बसली आहे. एका पानावर निळ्या अंधारात एक म्हातारा कंदील उंच धरून उभा आहे. ते माझं सर्वांत देखणं पान. स्वतःची स्तुती करू नये म्हणतात, पण खरं आहे ते.

पूर्वाने मला तिच्या मैत्रिणीला, दीक्षाला दिलं. "यात पुढचं काही दिसत नाही हं," ती म्हणाली. "चित्रात तुला काय दिसतंय, तेवढंच बोलायचं."

दीक्षा विश्रांतवाडीची, हिंजवडीच्या एका कंपनीत संगणकावर काम करणारी. तिथे जेवणाच्या सुट्टीत माझं फार कौतुक व्हायचं. "प्रमोशन मिळेल का, बघ ना," म्हणत सगळे मला पिसायचे. माझ्यावरचे चहाचे डाग तेव्हाचेच. घरी मात्र तिचे वडील होते. तात्याराव, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले.

"छप्पन साली बुद्धांचा धम्म घेतला, तेव्हाच आम्ही नवस आणि भविष्य मागे टाकून आलो," मला पाहून ते म्हणाले. "तू ते पर्समध्ये घालून परत आणलंस होय?"

झालं. रबरबँड आवळून माझी रवानगी कपाटावर झाली. त्या रबराने माझ्या कडा खाल्ल्या. मला फार वाईट वाटायचं. अंधारात मी माझीच चित्रं आठवत पडून राहायचो.

मग दीक्षाला कामासाठी अमेरिकेला जायची संधी आली. आई हयात नव्हती. वडिलांना एकटं ठेवून कसं जायचं, या विचाराने तिची झोप उडाली. "जा की, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते म्हणायचे. तरी तिचा पाय निघेना. एका संध्याकाळी तिने मला खाली काढलं, रबर सोडलं आणि एक पान उचललं. कंदीलवाला निघाला. ती रडायला लागली.

तात्यारावांनी चष्मा लावला. "काय दिसतंय तुला?"

"म्हातारा माणूस. एकटा. कोणाची तरी वाट बघतोय."

ते बराच वेळ त्या निळ्या रंगात पाहत राहिले.

"स्वतःसाठी कंदील इतका वर धरतं का कोणी? पुढे कोणीतरी चाललंय, त्याला वाट दिसावी म्हणून धरलाय. स्वतःच स्वतःचा दिवा व्हा, असं बुद्धांनी सांगितलंय. तू होशील. तोवर मी धरतो."

दीक्षा गेली, आणि ते पान सोबत घेऊन गेली. मी एका पानाने उणा होऊन इथेच राहिलो. आता रबरबँड नाही; तात्यारावांनी मला त्यांच्या धुतलेल्या रुमालात गुंडाळून ठेवलं आहे.

मित्रांनो, आम्हा चित्रांना ओले हात लावू नका. उद्या काय होईल, हेही आम्हाला विचारू नका. समोर बसलेल्या आपल्या माणसाला 'तुला काय दिसतं' एवढं विचारा आणि तो बोलेपर्यंत थांबा.

दर रविवारी दीक्षाचा फोन येतो. त्याआधी तात्याराव एक पान काढून ठेवतात आणि त्यात काय दिसतं ते तिला सांगतात. परवा सरुबाई निघाली. "ही बाई भोपळा घेऊन बसलीय," ते म्हणाले. "कोणीतरी घरी जेवायला यायचंय."

कुठलंही पान निघो, त्यांना त्यात घरी येणारं माणूसच दिसतं.