गच्चीवरचा लाल ठिपका

शहरभर धूर कसा पसरतो, याचं तिचं गणित सगळीकडे तंतोतंत जुळलं होतं. घोडं अडलं होतं ते तिच्याच घराच्या गच्चीवर. तिथलं हवा मोजणारं यंत्र रोज दुपारी जेवणं झाली की नकाशावर लालेलाल व्हायचं. वारा तपासून, रस्ते तपासून तिच्या डोक्याचा पार भुगा झाला. शेवटी रजा टाकून ती दबक्या पावलांनी वर गेली.

यंत्राला टेकून आई निवांत सिगारेट ओढत होती. बाबांची सिगारेट भांडभांडून सोडवणारी आई.

आईचा चेहरा पडला. लेकीने मात्र तिला उचलून गरागरा फिरवलं. "म्हणजे माझं गणित बरोबर आहे. फक्त तू राहिली होतीस."

"मग धर की मला त्यात," आई धापा टाकत म्हणाली, "पण कारखाना म्हणून दाखव. बाबा रोज नकाशा बघतात."