ताठ पाठीची धाकटी

झुंबरबाईच्या पोटात दुखायला कारण एकच होतं, आणि ते रोज सकाळी शेजारच्या सोप्यात ताठ उभं राहून दात घासायचं. म्हणजे तिची धाकटी जाऊ, तानाबाई. माहेर आजऱ्याचं, घरच्या काजूच्या बागा. लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात तिच्या माहेरचं काजूचं पोतं मुरगूडला यायचं आणि दर उन्हाळ्यात झुंबरबाईला ते जड जायचं. ते कसंबसं पचवलं होतं बाईनं. पण ही पाठ? ही कशी पचायची?

दिवाळी झाल्यावर तानाबाई गोठ्यात दुधाची किटली उचलायला गेली आणि पाठीत कट्कन वाजलं. मणका दबला होता. आठवड्याच्या आत तिला कोल्हापुरात, राजारामपुरीत नेलं. पालथं निजवून, तेवढीच जागा बधिर करून, सुईनं मणक्यात सिमेंट भरलं म्हणे. अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या दिवशी बाई जीपमधून आपल्या पायांनी उतरली. टाका नाही, काही नाही, पाठीवर बोटाएवढी चिकटपट्टी. झुंबरबाईनं तिचं पोलकं वर करून ती पट्टी दोनदा बघितली. एवढंच, यावर तिचा विश्वास बसेना.

आणि झुंबरबाईचं स्वतःचं काय झालं होतं? दोन वर्षांमागं वैरणीचा भारा उचलताना अगदी तस्संच कट्कन वाजलं होतं. हाडवैद्याचा लेप झाला, गरम विटेचा शेक झाला, तीन महिने बाई अंथरुणात कण्हत पडली. उठली ती वाकूनच. आता समोर माणूस आलं की हिला आधी त्याचे पाय दिसायचे, मग मान वर करून तोंड.

वर आणखी एक. डॉक्टरनं तानाबाईला पुढं वाकायला मनाई केली होती. चाळीस वर्षं सणासुदीला थोरलीच्या पाया पडणारी धाकटी आता उभ्या उभ्या हात जोडायची. झुंबरबाईला वाटायचं, डॉक्टरचं निमित्त, हिला आयतंच फावलं.

पौषाच्या तोंडावर भावकीतली नवी सून घरात पाया पडायला आली. दारात दोघी जावा उभ्या. एक वाकलेली, एक ताठ. पोरीनं बघितलं, तिला वाटलं ताठ आहे ती थोरली आणि वाकलीय ती तिच्या पाया पडतेय. ती सरळ तानाबाईच्या पायांवर गेली. तानाबाईनं तिला लगेच थोरलीकडं वळवलं, तसं नाही म्हणायचं. पण वळवताना ती हसली. ते हसू झुंबरबाईच्या काळजात जाऊन बसलं. तिला त्या दिवशी भाकर गेली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं लेकाला, विजयसिंहाला, सांगितलं की मोरीत पाय घसरला, पाठीत कळ मारतीय, मला राजारामपुरीला ने. घसरली बिसरली काही नव्हती. सिमेंट हाडाच्या ताज्या मोडीत भरतात एवढं तिनं ऐकून ठेवलं होतं, म्हणून मोड ताजी केली.

तिथं तिला एमआरआयच्या घुमणाऱ्या यंत्रात घातलं. डॉक्टर फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं शांतपणे सांगितलं की ताजा मार कुठंच नाही. हे हाड दोन वर्षांपूर्वी दबलं आणि वाकडंच जुळून गेलं, आता सिमेंट भरून पाठ सरळ व्हायची नाही. विजयसिंहानं मान खाली घातली.

"आजी, त्या वेळी का आला नाहीत?" डॉक्टरनं विचारलं.

झुंबरबाईला सगळं आठवत होतं. भारा उचलल्याच्या तिसऱ्याच दिवशी तानाबाई उशाशी येऊन सांगत होती, आमचा संग्राम, भाचा माझा, राजारामपुरीत एका डॉक्टरकडं कामाला हाय, तिथं मणक्यात शिमिट भरत्यात, जावा की. आणि हिनं भिंतीकडं तोंड करून म्हटलं होतं, तुझ्या माहेरच्यांच्या हातात माझी पाठ द्यायची व्हय? ते दवाखान्याचं नाव तिनं लेकाच्या कानावरसुद्धा घातलं नव्हतं. वैद्य तिनं स्वतः बोलावला होता.

संक्रांतीला तानाबाई तिळगुळाची वाटी घेऊन आली. तिनं चौकट धरली, पाठ ताठच ठेवून हळूहळू गुडघे टेकले आणि थोरलीच्या पायांना हात लावला. झुंबरबाई वाकलेली, ती गुडघ्यावर. कितीतरी दिवसांनी झुंबरबाईला मान वर न करता तिचं तोंड दिसलं. आणि काय झालं कोण जाणे, जे लेकालाही सांगितलं नव्हतं ते बाई बोलून गेली.

"तू सांगितलंस म्हणून गेले न्हाई, ताने. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर गेले असते."

"मला ठावं हुतं, आक्का," तानाबाई म्हणाली. "विजयसिंहाच्या कानावर घातलं असतं, तर त्यानं तुमास्नी उचलून नेलं असतं."

"मग घातलं का न्हाईस?"

तानाबाईनं वाटी खाली ठेवली. तिचा हात अजून थोरलीच्या पायावरच होता.

"चाळीस वर्सं मी वाकत आले," ती म्हणाली. "म्हटलं, जरा तुमी बी वाका."