मामाच्या दुकानात कौतुक करायचं नाही

नवा कॉम्प्युटर घ्यायचा हे ठरलं त्या दिवसापासून माझे पाय जमिनीवर टिकेनात. लॅपटॉप नव्हे, कॉम्प्युटर. टेबलाखाली ठेवायचा मोठा डबा, वर दोन पडदे, खडखड वाजणारा कीबोर्ड. एक्केचाळीस वर्षांची बाई मी, पण चहा ओतताना उगाच हसत होते. नवऱ्याने, एर्मेकने, दोनदा विचारलं की बरं वाटतंय ना.

मी लग्नाच्या फिल्म जोडते. शूटिंग दुसरे करतात. चार कॅमेऱ्यांनी दिवसभर टिपलेलं सगळं माझ्याकडे येतं आणि मी त्यातून दोन तासांची फिल्म काढते. काम मला मनापासून आवडतं, पण माझा लॅपटॉप सहा वर्षांचा झाला होता. नवरी हॉलच्या दारातून आत पाऊल टाकायची आणि ते पाऊल खाली टेकेपर्यंत माझी भांडी घासून व्हायची. तापायचा तर इतका, की सगळा उन्हाळा मी त्याच्याखाली फ्रीझरमधल्या घोड्याच्या मांसाच्या पिशव्या ठेवून काढला. कझाकस्तानातल्या आमच्या ताराजमध्ये लग्नं सुगीनंतर होतात. ऑक्टोबरमधली अकरा लग्नं मी स्वीकारून बसले होते. तोवर नवं यंत्र आलं नाही तर सगळी परत करावी लागणार होती, आणि ती घ्यायला गावात दुसरे चार जण टपलेलेच होते.

आणायचा कुठून, हा प्रश्न होता. एर्मेक शाळेत भूगोल शिकवतो आणि त्याला तक्ते केल्याशिवाय साधी मिरचीही घेता येत नाही. त्याने मोठ्या कागदावर तीन रकाने आखले. पहिला नव्या मॉलमधल्या काचेच्या दुकानाचा, दुसरा इंटरनेटवरून तयार मागवण्याचा, तिसरा बंद पडलेल्या एका गेम क्लबमधल्या जुन्या मालाचा. मग आम्ही एकेक रकाना बघायला निघालो.

काचेच्या दुकानात विक्रेत्याने आधी विचारलं, डब्यातले दिवे लाल हवेत की निळे. मी म्हटलं, चार कॅमेऱ्यांची चित्रं एकदम चालतील का. तो म्हणाला, दिवे रिमोटने बदलतात. एर्मेकने तिथेच खिशातून पेन्सिल काढून पहिल्या रकान्यावर काट मारली. इंटरनेटवरचा माल स्वस्त होता, फोटो तर असे की तोंडाला पाणी सुटावं. पण माझ्या एका मैत्रिणीचा असाच घरी आला तो सुरूच झाला नाही, आणि तिची तक्रार ऐकून घ्यायला नऊ दिवस एक रेकॉर्ड केलेला आवाज होता. क्लबमधल्या यंत्रांना सिगारेटचा आणि सूर्यफुलाच्या बियांचा वास येत होता. एकाच्या पंख्यात टरफलं अडकलेली मी स्वतः पाहिली.

राहिला चौथा रकाना. तो एर्मेकने आखलाच नव्हता, पण दोघांच्याही मनात होता. जुन्या बाजाराच्या मागच्या रांगेत मिर्झाबेक मामांचं दुकान आहे. ते सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देतात आणि त्यांच्यासारखा हात अख्ख्या ताराजमध्ये नाही. ते माझे सख्खे मामा. नेमकी हीच अडचण होती.

आमच्या कझाखांमध्ये बहिणीच्या लेकराने आयुष्यात तीनदा मामाकडे काहीही मागावं आणि मामाने नाही म्हणू नये. घोडा मागितला तर घोडा, अंगावरचा कोट मागितला तर कोट. त्याचे पैसे घेणं म्हणजे मामाने स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेणं. आणि मागायला 'द्या' असंच म्हणावं लागतं असं नाही. भाचीने एखाद्या वस्तूकडे बघून छान म्हटलं तरी मागितल्यातच जमा. सात वर्षांची असताना मी त्यांच्या एका शिंगराला गोड म्हटलं होतं, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या. संध्याकाळी ते आमच्या अंगणात बांधलेलं होतं. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. मामा काही सावकार नव्हेत, दुकान जेमतेम चालतं. म्हणून मागचा लॅपटॉपही मी काचेच्या दुकानातून आणला होता.

"गिऱ्हाईक म्हणून जाऊ," एर्मेक म्हणाला. "बोलणं मी करणार. भाव ठरवणार, पैसे पुढ्यात ठेवणार. तू फक्त कौतुक करायचं नाही. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"तुझ्या जिभेला हाड नाही, म्हणून विचारतोय."

त्याने तालीमच घेतली. टेबलावर खरबूज कापून ठेवलं, मधासारखं गोड, आणि मी खाताना म्हणाला, कसं आहे? मी म्हटलं, ठीक. मग माझ्याच आईने विणलेली शाल दाखवली. मी म्हटलं, चालेल. तो म्हणाला, छान, आता मामांचा बापही तुला काही देऊ शकणार नाही.

शनिवारी सकाळी पैशांचं पाकीट घेऊन आणि एका लग्नाची हार्ड डिस्क पर्समध्ये टाकून आम्ही बाजारात गेलो. गुलसिम मामी दुकानाच्या तोंडाशी चार्जर आणि वायरी विकते. मला पाहताच तिने हात कमरेवर ठेवले.

"या भाचीबाई. आज काय काय नेणार? छप्पर तेवढं ठेवा, पाऊस येतो."

मामा आतून चष्मा पुसत आले. साठी उलटलेली, अंगात तोच करडा स्वेटर. "आलीस," ते म्हणाले. "सहा वर्षं लागली."

मला कसंनुसं झालं, पण चहा आला, एर्मेकने गिऱ्हाइकासारखं बोलायला सुरुवात केली आणि मामाही गिऱ्हाइकाशी बोलावं तसं बोलू लागले. फक्त त्यांचे प्रश्न मला होते. कॅमेरे किती, एका लग्नाचा माल किती येतो, खोलीत दुपारचं ऊन कुठून येतं, आवाज चालतो का. मी भराभर सांगत होते. इतक्या दुकानांत हिंडले, पण माझ्या कामाबद्दल विचारणारं हे पहिलंच माणूस भेटलं होतं, आणि मला इतका आनंद झाला की चहा तसाच राहिला. त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर सुटे भाग लिहिले. एर्मेकने भाव विचारला, मामांनी सांगितला, घासाघीस न करता एर्मेकने पाकीट काउंटरवर ठेवलं. दोन आठवड्यांत जोडून होईल असं ठरलं. एर्मेकने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. जिंकलो होतो.

"थांब," मामा म्हणाले. "असाच एक मागे सुरू आहे. तुझा कसा चालेल ते बघून जा."

काउंटरच्या मागे एक काळा डबा होता. दिवे नाहीत, काच नाही, आवाजही नाही. मी हात लावून पाहिला, तो गारच होता. मामांनी माझी डिस्क जोडली. पडद्यावर चार चौकटी उघडल्या आणि चारही कॅमेरे एकदम चालू लागले. दारात नवरी उभी राहिली, तिने पाऊल टाकलं, आणि ते पाऊल जिथल्या तिथे, जेव्हाचं तेव्हा टेकलं. मी मागे नेलं, पुढे नेलं, नवरीच्या सासूचं तोंड जवळ आणलं. कुठेच अडकलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय सुंदर आहे हो हा, मामा," मी म्हणाले. "असा माझ्याकडे असता तर मी कुठल्या कुठे गेले असते."

एर्मेकने डोळे मिटून घेतले. मामीच्या हातातली वायर हातातच राहिली.

"तुझा झाला," मामा म्हणाले.

त्यांनी वाकून वायरी काढायला सुरुवातही केली. मी म्हटलं, मामा, मी सहज बोलले, मी मागितलं नाही. त्यांनी मान वर केली नाही. काउंटरवरचं पाकीट उचलून त्यांनी एर्मेकच्या कोटाच्या खिशात खोचलं आणि वरून थोपटलं.

"सात वर्षांची असताना शिंगरू मागितलंस," ते म्हणाले. "त्यानंतर आज. चौतीस वर्षं मध्ये गेली. भाची मागत नाही म्हटल्यावर लोक काय समजतात ठाऊक आहे? मामाकडे देण्यासारखं काही उरलं नाही. तू लॅपटॉप दुसरीकडून आणलास हे मला शेजारच्या दुकानदाराकडून कळलं. मी त्याला म्हटलं, ती लाजते."

इतकी वर्षं मी त्यांना जपत होते असं मला वाटायचं, आणि इतकी वर्षं त्यांना ते बोचत होतं. मामा डब्यासाठी खोकं शोधायला रांगेच्या टोकाला गेले.

ते गेले तशी मामी आत आली. आता तिच्या आवाजात थट्टा नव्हती.

"तो विकायचा नव्हता," ती म्हणाली. "त्यांचा स्वतःचा आहे. याआधी चार वेळा स्वतःसाठी जोडला आणि चारही वेळा कुणीतरी घाईत आलं म्हणून देऊन टाकला. या खेपेला मी त्यांना माझ्या गळ्याची शपथ घालून वदवून घेतलं की विकणार नाही. भाचीला देणार नाही, एवढं वदवून घ्यायचं राहिलं बघ."

तिने काउंटरखालचं फडकं बाजूला केलं. खाली एक सुकाणू होतं, दोन मुठींचं, आणि त्याच्यासोबत पायाने दाबायच्या दोन पट्ट्या. विमान उडवायचा खेळ असतो ना कॉम्प्युटरवर, मामी म्हणाली, त्याचं सामान आहे. खरा नकाशा, खरे डोंगर, वारासुद्धा खरा असतो म्हणे.

मग मला सगळं उलगडलं. तरुणपणी मामा गावाबाहेरच्या धावपट्टीवर मेकॅनिक होते. शेतांवर औषध फवारणारी दुमजली पंखांची विमानं तिथे असायची. त्यांनी ती बारा वर्षं खोलली, पुसली, जोडली, आणि दर वर्षी वैमानिकाच्या शिक्षणासाठी अर्ज केला. मग विमानंच गेली, धावपट्टीवर मेंढ्या चरू लागल्या, आणि मामा टीव्ही दुरुस्त करायला बाजारात बसले. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. त्याबद्दल कुणी बोलत मात्र नव्हतं.

मामा खोकं घेऊन आले. डबा त्यात नीट बसतो का ते बघू लागले, कोपऱ्यांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबू लागले. त्यांचे हात अगदी निवांत चालले होते, आणि तेच मला बघवेना. परत देणं शक्य नव्हतं. मामाने दिलेलं परत करणं म्हणजे भर बाजारात त्याचा अपमान. आणि खरं सांगायचं तर मला तो हवाही होता, इतका हवा होता की मला माझीच लाज वाटत होती.

"मामा," मी म्हणाले, "माझं अजून एक मागणं उरलंय."

एर्मेकने माझी बाही ओढली. मामी म्हणाली, "आता दुकानच मागून टाक, म्हणजे सुटलो."

मामा सरळ उभे राहिले. "माग."

"मला आपल्या गावावरून एक चक्कर मारून आणा. काराताऊच्या डोंगरापासून तलास नदीपर्यंत. विमान तुम्ही चालवायचं."

मामांनी आधी मामीकडे पाहिलं, मग काउंटरखालच्या उघड्या पडलेल्या सुकाणूकडे.

"त्याला कॉम्प्युटर लागेल," ते शेवटी म्हणाले.

"लागेलच."

"असाच लागेल."

"मग असाच जोडा. तो दुसऱ्या कुणाला दिलात तर मी उडणार कशातून? आणि मला नाही म्हणता येणार नाही तुम्हाला."

मी एर्मेकच्या खिशातून पाकीट काढून मामीपुढे धरलं आणि म्हटलं, हे विमानाचं तिकीट. मामा म्हणाले, भाचीकडून पैसे मी घेणार नाही. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मामीने पाकीट एप्रनच्या खिशात टाकलं.

"तुम्ही घेऊच नका," ती म्हणाली. "तिकिटाचे पैसे वैमानिक घेतो का कुठे? ते कंपनी घेते."

एर्मेक हसला, मग मीही हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि स्वेटरच्या टोकाने पुसायला लागले, दोन्ही काचा, पुन्हा दोन्ही काचा. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"डोंगराच्या अंगाला वारा फार असतो," ते म्हणाले. "विमान हलतं. भीती वाटेल."

"वाटू दे. तुम्ही असालच ना शेजारी?"

"मी त्या धावपट्टीवर बारा वर्षं होतो," मामा म्हणाले. "मला वर घेऊन चल, असं मला कधी कुणी म्हटलं नाही."

मग त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढले, आणि सगळ्यात वरच्या फळीवरून सुट्या भागांचं पहिलं खोकं खाली काढलं.