अरहर दाल कमी!

मी भावाचा फळा बोलतोय. झाशीत खंडेराव गेटजवळ आबासाहेबांचं किराणा दुकान आहे, त्याच्या पायरीशी मी उभा असतो. जन्मानं मी शिसवी कपाटाचं दार. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आबासाहेबांनी दुकान थाटलं आणि मला काळा रंग फासला. तेव्हापासून भाव मीच सांगतो, आणि ताठ मानेनं सांगतो.

माणसांची एक गंमत मी पाहिली आहे. साखर, तेल आणि डाळ, एवढ्याच तिघांचा भाव त्यांच्या डोक्यात पक्का असतो. जिरं कितीला घेतलं ते विचारा, सांगता येणार नाही.

हे चौकात उघडलेल्या दुमजली मार्टलाही ठाऊक होतं. तूरडाळ, जिला इथे सगळे अरहर म्हणतात, आमच्याकडे एकशेदहा रुपये किलो आणि त्यांच्याकडे नव्याण्णव. महिन्याभरात आमची पायरी ओस पडली. बबीन्याच्या लष्करी छावणीतून भाजणी-मेतकूट न्यायला येणारी फौजी मराठी कुटुंबं तेवढी टिकली.

"सूनबाई, दिवाळीपर्यंत बघू," आबासाहेब म्हणाले. "नाही जमलं तर दुकान बंद. उगाच ओढाताण नको."

दुकान चालवते ती त्यांची सून वसुंधरा. ती कसली ऐकतेय! "सगळ्या मालात त्यांच्याशी कशाला भिडायचं, बाबा? एका डाळीत भिडू. भाजणी काही त्यांच्याकडे मिळत नाही."

दुसऱ्या दिवशी ती बसनं मऊरानीपुरला गेली आणि दलालाला वगळून थेट डाळगिरणीतून चार पोती घेऊन आली. शहाण्णवला विकूनही किलोमागे दोन रुपये सुटत होते. दमल्या हातानं तिनं माझ्यावर ठळक लिहिलं: अरहर दाल कमी! ९६.

सकाळी नऊला ही झुंबड! कुणाला पाच किलो हवी, कुणाला दहा. दतिया गेटचा एक ढाबेवाला तर नोटा काढूनच उभा राहिला. "भाभीजी, एक सौ बीस लगा लो, चारों बोरी हमें दे दो."

"छियानवे की चीज़ एक सौ बीस में क्यों, भैया?"

"आपई ने तो लिखो है, दाल की कमी है! कल मिले न मिले."

वसुंधरेनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. मराठीत भाव कमी म्हणजे स्वस्त, हिंदीत 'दाल की कमी' म्हणजे टंचाई. घरात दोन्ही भाषा एकाच ताटात वाढल्या की असं होतं.

खरं सांगतो, मी घाबरलो. ती गप्प बसली असती तर चारही पोती तिथल्या तिथे एकशेवीसनं गेली असती. आबासाहेबही गल्ल्यापाशी चुळबुळत होते. पण तिनं ओढणीच्या टोकानं मला पुसलं आणि हसत म्हणाली, "दाल बहुत है, भैया! दाम कम है. हमारी मराठी ने गड़बड़ कर दी. दो-दो किलो ले जाइए, कल फिर आइए."

काही जण पुटपुटत निघून गेले. बाकीचे हसत सुटले आणि डाळीबरोबर जिरं, पोहे, भाजणीही घेऊन गेले. ढाबेवाल्यानं नोटा खिशात घातल्या. हा काही परत येत नाही, असं मी धरून चाललो होतो. तिसऱ्या दिवशी तो आला.

"हर हफ्ते एक बोरी हमाई. तौल देखबे की जरूरत नइयां." म्हणजे वजनही तो तपासणार नव्हता.

मग मार्टनं डाळ पंच्याण्णववर आणली. वसुंधरा शहाण्णववरच राहिली, आणि एक रुपयासाठी कुणी चौकापर्यंत गेलं नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी आबासाहेब स्वतः खडू घेऊन आले. जपून, एकेक अक्षर काढत त्यांनी लिहिलं: दुकान दिवाली के बाद भी खुला रहेगा.

"खुली रहेगी, बाबूजी," पोतं उचलता उचलता ढाबेवाला म्हणाला.

हिंदीत दुकान स्त्रीलिंगी! आबासाहेबांनी दुरुस्त केलं आणि ही ओळ पुसायची नाही, असं सुनेला बजावलं.

माझ्या रंगाचे आता पोपडे निघतायत. तरी कृपा करून कुणी मला नवा रंग फासू नका. डाळ-तेलाचे भाव मी त्या ओळीखाली दाटीवाटीनं सांगेन.