मोहाखालचा पाला

झाडांवर पिवळे पट्टे ओढले, तेव्हापासून रुखमाबाईनं मोहफुलं वेचली नव्हती. कंपनीनं जंगल घेतलं, अशी गावभर बोंब होती. चौथ्या दिवशी ती अंगण झाडत असताना झाडं मोजणारा प्रफुल्ल दिसला, तसं तिनं त्याला अडवलं.

"आमचा मोह काऊन विकला?"

"नाई बाई, झाडं ग्रामसभेचीच. कंपनीचा कारखाना धूर सोडते. तुम्ही राखलेल्या जंगलात जेवढा कार्बन साठते, त्याचे क्रेडिट कंपनी विकत घेते अन् धुराची भरपाई केली म्हणते."

"मंग फुलं?"

"वेचा ना!"

रुखमाबाईचा जीव भांड्यात पडला. ती हसली.

"फक्त, फुलं वेचासाठी खालचा पाला जाळू नका; साठलेला कार्बन धुरातून निघून जाते. झाडून काढा."

"अन् कारखाना?"

"तो चालूच राहीन."

तिनं आपला खराटा त्याच्या हातात दिला. "मंग धर. धूर त्याह्यचा, अन् पाला मी एकटीच झाडू काय?"