प्रतिनिधी बदलला की

थोरल्याने भाताचा चमचा ओठांशी नेला, तसे आप्पांनी तोंड घट्ट मिटून घेतले.

“आप्पा, मी आहे. थोरला.”

तोंड मिटलेलेच. कॉलेजातले गणिताचे तास सांभाळून तीन वर्षे या बापाला न्हाऊमाखू घालणारा हा मुलगा, आणि आप्पा त्याच्याकडे मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघावे तसे बघत होते. त्याला फार काही नको होते. एकदा, फक्त एकदाच, “थोरल्या” अशी हाक ऐकायची होती.

पलंगाच्या पायथ्याशी पुतणी वही घेऊन बसली होती. परीक्षेपुरती ती काकांकडे राहायला आली होती. तिचे वडील, म्हणजे धाकटा, आप्पांचा छोटू, दूर असत आणि फोनवरून जीव टाकत.

“काका, बारानं भागून सारखी बाकी उरते ते सगळे आकडे एका गटात. दोन काय नि चौदा काय, एकच. मग गटाला नाव कुणाचं द्यायचं?”

“कुणाचंही. तो त्या गटाचा प्रतिनिधी. कुणीही उभा राहिला तरी चालतं.”

“मग माझा होमोमॉर्फिझम ऐका, म्हणजे या गटांना दुसऱ्या आकड्यांशी जोडणारा नियम. गटातला एक उचलायचा, पाचानं भागायचा, बाकी लिहायची.”

“दोन उचललास तर?”

“दोन.”

“आणि चौदा?”

तिने जीभ चावली. “चार.”

“मग कसला डोंबलाचा होमोमॉर्फिझम! गट तोच, आणि प्रतिनिधी बदलला की उत्तर बदलतंय. असं चालत नाही. खोड ते.”

तिने खोडले. चमच्यातला भात एव्हाना गार झाला होता. काकांचा हात अवघडलेला बघून तिला राहवले नाही.

“आजोबा, बघा तरी कोण आलंय! तुमचा छोटू!”

आप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी लहान मुलासारखा आ केला. समोरचा माणूस तोच होता, चमचाही तोच. थोरल्याने घास भरवला.

“तू आलास म्हणून जेवतोय हो, छोटू,” आप्पा हळूच म्हणाले. “थोरला मात्र इकडे फिरकतसुद्धा नाही.”

पुतणीने मान खाली घातली.

थोरल्याने आप्पांची हनुवटी पुसली आणि चमचा पुन्हा भरला.

“दादा कामात असेल, आप्पा,” तो म्हणाला.