चौथं मत

"वरचं नाव कॉनरॉय, खालचं टिली. तुम्ही फक्त वरचा खटका ओढायचा, मिसेस डेव्ह. बाकी काही वाचत बसू नका," असं म्हणत स्टॅननं खिशातून एक छापील चिठ्ठी काढली आणि सरलाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

सरलाचं आडनाव देवपुजारी. सात वर्षांपूर्वी स्टॅननं ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं आणि मग अर्ध्यावरच सोडून दिलं होतं. तिनंही कधी तक्रार केली नव्हती. स्टॅन समोरच्याच घरात राहायचा. हार्लन शहराच्या गॅरेजमध्ये तो फोरमन होता. पण त्याची खरी ओळख म्हणजे तो या चार गल्ल्यांचा पक्षाचा माणूस होता. नागपूरला महालात राहत असताना सरलानं असे वॉर्डातले कार्यकर्ते बघितले होते, त्यामुळे तो काय काम करतो हे तिला समजावून सांगावं लागलं नव्हतं. पण इतकं मनापासून करणारा माणूस तिनं तिकडेही पाहिला नव्हता. विनयचं अपेंडिक्स फुटलं तेव्हा यानं लाल दिवे न बघता गाडी हाकली होती. मागच्या वर्षी दोघं अमेरिकन नागरिक झाली त्या दिवशी तो कोर्टात केक घेऊन हजर होता, आणि तिथल्या तिथे त्यानं दोघांची नावं मतदार यादीत घालून घेतली होती.

"दोन्ही मतं पक्की समजा," विनय म्हणाला. त्यानं स्टॅनच्या कपात आणखी चहा ओतला.

"मला माहीत आहे रे. जानेवारीत कॉनरॉय मेयर झाला की रस्ते खात्यात दोन इन्स्पेक्टर घ्यायचेत. एका जागेवर तुझं नाव मी स्वतः सांगितलंय." स्टॅननं विनयच्या खांद्यावर थोपटलं. मग दाराशी थांबून आवाज जरा खाली आणला. "तो टिली निवडून आला तर काय होईल ठाऊक आहे ना? त्याची माणसं येतील. तुम्ही जाल, मीही जाईन."

'त्याची माणसं' म्हणजे कोण, हे कोणी विचारलं नाही. टिली काळा होता. हार्लनच्या इतिहासात पहिल्यांदाच कोणी काळा माणूस मेयर व्हायच्या बेतात होता, आणि १९८३च्या त्या नोव्हेंबरात गावात दुसरा विषयच नव्हता. नदीच्या पलीकडे घरोघर टिलीच्या पाट्या होत्या. अलीकडे एकही नव्हती.

विनयला पोलाद कारखान्यातून काढल्याला दीड वर्ष झालं होतं. तीनशे जणांना एका दिवशी घरी पाठवलं, त्यात हाही होता. तेव्हापासून घर सरलाच्या नोकरीवर चालत होतं. शहराच्या पाणीशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ती सीनियर केमिस्ट होती. तळ्यातून आलेलं पाणी तपासायचं, क्लोरीन मोजायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि सही करायची. कामात नाव ठेवायला जागा नव्हती.

सोमवारी, मतदानाच्या आदल्या दिवशी, नमुन्यांच्या बाटल्या धुताना लॉरेटाचा ॲप्रन जरा बाजूला झाला आणि आत ब्लाऊजला लावलेला टिलीचा बिल्ला दिसला. लॉरेटा प्रयोगशाळेत सहायक होती. वय पन्नाशीच्या पुढचं, बोलणं मोजकं, हात सफाईदार. सरला नोकरीला लागली तेव्हा इथलं प्रत्येक यंत्र तिला लॉरेटानंच शिकवलं होतं.

"आतल्या बाजूला का लावलाय?" सरलानं सहज विचारलं.

"बाहेर लावायला मला परवडत नाही."

"तुझ्यासारख्या जुन्या माणसाला कोण काय म्हणणार?"

लॉरेटानं नळ बंद केला. "किती जुनी, माहीत आहे? अठरा वर्षं. शहात्तर साली तुझ्या जागेची जाहिरात निघाली. मी कॉलेज रात्री शिकून पुरं केलं होतं. खात्याची परीक्षा दिली, यादीत पहिली आले. मग तुझं पत्र आलं."

"कसलं पत्र? मी तर नुसता अर्ज केला होता."

"तू नसशील आणलं. तुझी शिफारस करायला कोणीतरी आणलं. तुमच्या वॉर्डातून. मीच ते फाइलला लावलं." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सरलाला सहन होईना. "तू काम चांगलं करतेस. नाहीतर मी तुला शिकवलंच नसतं."

शहात्तर साली एम.एस्सी.चं सर्टिफिकेट घेऊन ती वर्षभर वणवण फिरली होती. एके दिवशी स्टॅन म्हणाला, 'अर्ज माझ्याकडे द्या, मी त्याच बाजूला चाललोय.' चांगला शेजारी आहे, जाता जाता टाकेल, एवढंच तिला वाटलं होतं. नोकरी लागली तेव्हा तिनं नागपूरला आईला पत्र लिहिलं होतं, 'इथे ओळख लागत नाही, गुणांवर मिळतं.' आईनं ते पत्र सगळ्या आळीत वाचून दाखवलं होतं.

घरी आल्यावर तिनं विनयला सगळं सांगितलं. तो कणीक मळत होता. हल्ली संध्याकाळचा स्वयंपाक तोच करायचा.

"मग? सात वर्षांपूर्वी जे झालं त्याला तू काय करणार?" तो म्हणाला.

"उद्या मत तर देणार आहे ना."

विनयचे हात थांबले. "सरला, वेड्यासारखं करू नकोस. मी शब्द दिलाय त्याला."

"तुझ्या मताचा दे. माझ्या मताचा शब्द तू कसा देतोस?"

"त्या माणसानं आपल्यासाठी काय नाही केलं? इथे आपलं कोण आहे दुसरं?" त्याचा आवाज चढला. "दीड वर्ष मी घरात बसलोय. नीलाच्या मैत्रिणी विचारतात, युअर डॅड इज ऑल्वेज होम? मी इंजिनीयर आहे, सरला. रस्त्यातले खड्डे मोजायचं काम मिळतंय, तर त्यासाठी मी त्याच्या पाया पडायला तयार आहे. आणि तुला आता तत्त्वं सुचतायत!"

पंधरा वर्षांची नीला जिन्यावर उभी होती. ती हळूच म्हणाली, "बट इट्स सीक्रेट, राइट? आई विल व्होट, अँड नोबडी विल नो."

"एक्झॅक्टली," विनय म्हणाला, आणि गुप्त म्हणजे सरला टिलीलाही मत देऊ शकेल हे ध्यानात येताच पुन्हा कणीक मळू लागला.

रात्रभर सरला कूस बदलत राहिली. स्टॅनचा तिला राग आणता येईना. त्यानं चोरी केली होती, पण तिच्यासाठी केली होती. आणि तिनं सात वर्षं ती चोरलेली जागा आपली म्हणून वापरली होती. टिली कसा आहे हे तरी तिला कुठे ठाऊक होतं? त्याचं एकच भाषण तिनं टीव्हीवर ऐकलं होतं. त्यात तो म्हणाला होता की, शहराच्या नोकऱ्यांच्या याद्या भिंतीवर लावीन, नंबराप्रमाणे. बस, एवढंच.

मतदान शाळेच्या व्यायामशाळेत होतं. कामावर जाण्याआधी सकाळी साडेसहालाच दोघं गेली. रांग फारशी नव्हती. मतदानाची दोन यंत्रं कपाटाएवढी उंच, पुढे हिरवे पडदे. आत जाऊन मोठा दांडा ओढला की पडदा बंद व्हायचा. नावासमोरचे खटके ओढायचे आणि दांडा परत फिरवला की मत नोंदलं जाऊन पडदा उघडायचा. स्टॅन कोट-टाय घालून टेबलाजवळच उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारत होता, कोणाच्या गुडघ्याची चौकशी करत होता.

विनय आत गेला आणि दहा सेकंदांत बाहेर आला. त्यानं सरलाकडे पाहिलं नाही.

टेबलामागच्या बाईंनी यादीत बोट फिरवलं. स्टॅन पुढे झाला. "मिसेस डेव्ह पहिल्यांदाच मत देतायत. यांना इंग्लिशची जरा अडचण आहे. मी मदतीला आत जातो." बाईंनी न बोलता एक फॉर्म पुढे सरकवला. रोजचाच प्रकार असावा. वर लिहिलं होतं, 'वाचता न येणाऱ्या मतदारांसाठी'. खाली सहीची रेघ.

सरलाच्या हातात पेन होतं. मागे रांग थांबली होती. स्टॅन नेहमीसारखाच हसत होता, प्रेमानं. त्याला खरोखरच आपण मदत करतोय असं वाटत असावं. विनय दाराशी उभा राहून मानेनं 'कर सही' म्हणत होता.

तिनं पेन खाली ठेवलं.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. बास्केटबॉलच्या त्या उंच हॉलमध्ये तो घुमला. "माझी मी जाते."

तिनं फॉर्म उलटा करून ठेवला आणि आत जाऊन दांडा ओढला. पडदा खाडकन बंद झाला. समोर नावंच नावं होती. मेयर, जज, शाळामंडळ. तिनं प्रत्येक नाव वाचलं. बाहेर स्टॅन घड्याळ बघत असेल, हे तिला माहीत होतं. वाचणाऱ्याला लागणारा वेळच त्याला सगळं सांगून टाकेल, हेही कळत होतं. वरच्या खटक्यावर तिचं बोट एकदा जाऊन आलं. विनयचे पिठाचे हात तिला दिसले. मग तिनं खालचा खटका ओढला. कट्ट असा आवाज झाला. तिनं दांडा परत फिरवला आणि पडदा उघडला.

बाहेर आली तेव्हा स्टॅन दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होता.

संध्याकाळी जेवणं उरकत होती तेव्हा दाराची घंटा वाजली. टीव्हीवर आकडे येत होते. कॉनरॉय थोडक्यात निवडून येणार हे स्पष्ट झालं होतं. दारात स्टॅन होता. त्यानं टोपी काढली नाही, बसलाही नाही.

"तीनशे बारा मतं पडली आपल्याकडे," तो म्हणाला. "तीनशे आठ कॉनरॉयला. चार टिलीला."

"काँग्रॅच्युलेशन्स," विनय घाईनं म्हणाला.

"एकवीस वर्षांत माझ्या केंद्रातून चार मतं कधी फुटली नव्हती. तिघं मला माहीत आहेत. पाद्री, तो दाढीवाला मास्तर आणि त्याची बायको. त्यांचं मला काही नाही, ते तोंडावर सांगतात." स्टॅनचा चेहरा लाल झाला होता. त्याची नजर सरलाच्या चेहऱ्यावर होती. मग त्यानं ती स्वतःच काढून घेतली. "चौथी हॉर्वथबाई. कोपऱ्यावरची. पाठ वळली की बोलते, असं ऐकलंय मी. तिच्या मुलाला बागखात्यात मी चिकटवला. उद्या सकाळी फोन करतो. जाऊ दे त्याला घरी."

सरलाला कळलं की त्यानं एक दार उघडं ठेवलंय. तिच्यासाठीच. मान हलवली की झालं. हॉर्वथबाई विधवा होत्या, कॉनरॉयचं चित्र त्यांनी खिडकीत लावलं होतं, आणि त्यांचा मुलगा तीन लेकरांचा बाप होता.

"व्हेरी बॅड," विनय पुटपुटला. त्यानं सरलाचं मनगट टेबलाखाली धरलं होतं.

तिनं ते सोडवून घेतलं आणि उभी राहिली.

"चौथं मत माझं आहे, स्टॅन."

टीव्हीवर कोणीतरी टाळ्या वाजवत होतं. नीलानं उठून तो बंद केला.

स्टॅननं टोपी पुढे ओढली. मग म्हणाला, "मी विचारलं नव्हतं."

"हो. पण हॉर्वथबाईंनी काही केलेलं नाही."

"मी काय वाईट केलं तुमचं?"

"माझं काही नाही," सरला म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "माझं तुम्ही सगळं चांगलंच केलंत."

त्याला ते समजलं की नाही, कोण जाणे. त्यानं विनयकडे पाहून मान हलवली, सांत्वनाला आल्यासारखी, आणि अंगणातून समोर आपल्या घरी गेला. त्याच्या ओसरीतला दिवा लगेच मालवला.

विनय तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी बोलला तो एवढंच, "निदान मला आधी सांगायचंस." ती म्हणाली, "सांगितलं होतं." जानेवारीत रस्ते खात्यातून कोणाचा फोन आला नाही. फेब्रुवारीत त्याला अडीच तासांवरच्या गावात ड्राफ्ट्समनची नोकरी मिळाली. सोमवारी पहाटे जायचा, शुक्रवारी यायचा. हॉर्वथबाईंचा मुलगा बागखात्यात राहिला. बाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या सरलाला पूर्वीसारखंच जेमतेम ओळख दाखवायच्या.

सरलाला काढता येत नव्हतं, ती कायम होती. पण त्या नोव्हेंबरच्या अखेरीसच एक कागद आला होता: उद्यापासून दुसरी पाळी, दुपारी तीन ते रात्री अकरा. दिवसपाळीच्या खुर्चीवर कॉनरॉयच्या कुठल्या कार्यकर्त्याचा भाचा आला. पोरगेलासा, केमिस्ट्रीत जेमतेम पास. लॉरेटा त्यालाही यंत्रं शिकवू लागली.

पहिल्या दिवशी तीन वाजता सरला पोचली तेव्हा तो भाचा निघून गेला होता. लॉरेटानं तिला दिवसभराचे आकडे वाचून दाखवले, मग रजिस्टर मिटलं.

"तुला का हलवलं? तू तर त्यांचीच होतीस," ती म्हणाली.

सरला ॲप्रनचे बंद बांधत होती. गाठ काही नीट बसेना. "नदीच्या अलीकडे आमच्या केंद्रात टिलीला चार मतं पडली," ती म्हणाली.

लॉरेटा तिच्याकडे बघत राहिली. तिच्या मागे येऊन तिनं ॲप्रनची गाठ सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली. बाहेर तिची तीन दहाची बस येऊन थांबली, दार उघडलं, मिटलं आणि बस निघून गेली. लॉरेटानं कोट अंगात न घालता मांडीवर घेतला आणि दुसऱ्या स्टुलावर बसली. खिडकीपलीकडे तळं कडेनं गोठत आलं होतं. सरलानं पहिली बाटली उचलली आणि पाणी मोजायला घेतलं.